पराभवानंतरची उमेदवारी : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील तर्क, पक्ष आणि मतदार (१९५२ ते २०२४)

सारांश

लोकशाहीत निवडणुकीतील पराभव हा राजकीय जीवनाचा शेवट नसतो. पराभूत नेता पुन्हा उभा राहील काय, याविषयीचे तर्क निकालाच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होतात. प्रस्तुत लेखात चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनप्रधान जिल्ह्यांतील लोकसभा निवडणुकांच्या आधारे या तर्काचे ऐतिहासिक स्वरूप तपासले आहे. विशेषतः २०१९ मधील पराभवानंतर हंसराज अहीर यांच्या पुनरुमेदवारीविषयी झालेली चर्चा आणि २०२३-२४ मध्ये रिक्त राहिलेली चंद्रपूरची जागा हे या विवेचनाचे केंद्र आहे.

बीजशब्द : पराभव, पुनरुमेदवारी, पोटनिवडणूक, चंद्रपूर, गडचिरोली, पक्षश्रेष्ठी, ग्रामसभा.

प्रास्ताविक

निकालाच्या दिवशी विजयी उमेदवाराच्या घरापुढे गुलाल उधळला जातो आणि पराभूत उमेदवाराच्या दारापुढील गर्दी दुपारपूर्वीच ओसरते. इतिहासाची नोंदही बहुधा विजयी उमेदवारापुरतीच होते. यादीत नाव येते ते निवडून आलेल्याचे. पराभूताचे नाव तळटीपेत राहते. परंतु लोकांच्या बोलण्यात तसे घडत नाही. 'ते पुन्हा उभे राहणार काय?' हा प्रश्न चंद्रपूरच्या गांधी चौकात, राजुऱ्याच्या बाजारात, अहेरीच्या बसस्थानकावर पाच वर्षे विचारला जातो. वृत्तपत्रे त्याला 'राजकीय वर्तुळातील चर्चा' म्हणतात. इतिहासाच्या अभ्यासकाने या चर्चेला निव्वळ वावडी समजून दूर सारणे योग्य नाही. समाजाला ज्या निर्णयाची वाट माहीत नसते, त्या निर्णयाविषयीच तो सर्वाधिक तर्क करतो. तर्क कोठे दाटतो हे पाहिले असता सत्ता कोठे लपलेली आहे याचा मागोवा घेता येतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) पराभूत नेत्याच्या पुनरागमनाच्या ऐतिहासिक दाखल्यांचा आढावा घेणे.
२) चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर लोकसभा मतदारसंघांतील पुनरुमेदवारीच्या उदाहरणांचे परीक्षण करणे.
३) उमेदवारीविषयीच्या तर्कामागील संस्थात्मक कारणे शोधणे.
४) या सर्व प्रक्रियेत मतदाराचे स्थान काय राहते, याचा विचार करणे.

सर्वोच्च पदाचे दाखले

पराभवानंतर सर्वोच्च पदावर परतलेल्या नेत्यांची चर्चा अमेरिकेच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. ग्रोव्हर क्लीव्हलंड १८८४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, १८८८ मध्ये लोकमत अधिक मिळूनही निर्वाचक मंडळात पराभूत झाले आणि १८९२ मध्ये पुन्हा विजयी झाले. त्यानंतर असे पुनरागमन घडण्यास २०२४ साल उजाडावे लागले; २०२० मध्ये पराभूत झालेले डोनाल्ड ट्रम्प त्या वर्षी पुन्हा निवडून आले. रिचर्ड निक्सन १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची आणि १९६२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरले. तरी १९६८ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. उलट विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीन वेळा पक्षाचे उमेदवार झाले आणि तिन्ही वेळा हरले.

भारतात राष्ट्रपतिपदाची निवडणूक अप्रत्यक्ष असल्याने तर्काचे स्वरूप निराळे असते. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांचा व्ही. व्ही. गिरी यांनी पराभव केला. त्या निवडणुकीत महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख तिसऱ्या स्थानी होते. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच बहुमत मिळाले नाही. पुढील पसंतीच्या मोजणीत देशमुखांच्या मतांचा मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी गिरींनी आघाडी टिकवली. रेड्डी आंध्रातील आपल्या शेतीकडे परतले. आठ वर्षांनी, १९७७ मध्ये, ते नंद्यालमधून लोकसभेवर निवडून आले, सभापती झाले आणि त्याच वर्षी जुलै महिन्यात राष्ट्रपतिपदी बिनविरोध निवडले गेले. ज्या पदासाठी ते पराभूत झाले होते तेच पद त्यांना मतदानाविना मिळाले. व्यक्ती तीच होती. बदलली होती ती पक्षांची मांडणी.

या दाखल्यांतील एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. अमेरिकेत पराभूत नेत्याला पुन्हा उमेदवारी हवी असल्यास त्याला प्राथमिक निवडणुकांतून आपल्या पक्षाच्या मतदारांसमोर जावे लागते. तेथे तर्काला एक ठरलेली तारीख असते; त्या तारखेला त्याचा निकाल लागतो. आपल्याकडे उमेदवारी बहुधा पक्षाच्या केंद्रीय निवडणूक समितीत ठरते. तेथील चर्चेचे इतिवृत्त प्रसिद्ध होत नाही. त्यामुळे तर्क अखेरच्या क्षणापर्यंत जिवंत राहतो आणि त्याची शहानिशा पुढेही होत नाही.

भंडारा, १९५४

वैदर्भीय वाचकाला या विषयात सर्वप्रथम आठवतो तो चांद्याला लागून असलेल्या भंडारा मतदारसंघाचा इतिहास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून पराभूत झाले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर तेथे विजयी झाले. पुढे बाबासाहेब राज्यसभेवर गेले. परंतु लोकांतून निवडून येण्याचा प्रयत्न त्यांनी सोडला नाही. मे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते राखीव जागेसाठी उभे राहिले आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पुन्हा पराभूत झाले. सर्वसाधारण जागेवर मात्र समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले.

त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब चंद्रपुरात आले. नागपूरनंतरचा धम्मदीक्षेचा सोहळा येथे झाला. त्या दिवशी ते मत मागण्यासाठी आले नव्हते आणि जमलेला समुदायही मतदार म्हणून आलेला नव्हता. ज्या प्रदेशाच्या सीमेवर त्यांना मतपेटीने नाकारले होते, त्याच प्रदेशातील लोकांनी त्यांच्या शब्दावर आपला धर्म बदलला. पराभूत उमेदवाराचे पुनरागमन केवळ उमेदवारीच्या रूपानेच होते असे नाही, हा या घटनेचा बोध आहे. उमेदवारीच्या तर्कात गुंतलेल्या राजकीय चर्चेला या बोधाचा नेहमीच विसर पडतो.

चांदा मतदारसंघाची परंपरा

आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झाला. तोपर्यंत तो चांदा, म्हणजेच चंद्रपूर, जिल्ह्याचाच भाग होता. या मतदारसंघाने आरंभापासूनच पक्षश्रेष्ठींची गणिते चुकवली आहेत. १९६२ मध्ये येथून पानाबारसचे गोंड जमीनदार लाल श्यामशाह अपक्ष म्हणून निवडून आले. दंडकारण्यात पूर्व बंगालमधील निर्वासितांची वसाहत करताना आदिवासींचा विचार होत नाही, या व्यथेतून त्यांनी १९६४ मध्ये लोकसभेचा राजीनामा दिला. विजयी झालेला उमेदवार स्वतःहून पद सोडतो, हे उदाहरण पराभवाच्या इतिहासाइतकेच मोलाचे आहे. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत दिवंगत मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांच्या पत्नी ताई कन्नमवार विजयी झाल्या. १९६७ मध्ये के. एम. कौशिक अपक्ष म्हणून आले. १९७७ च्या काँग्रेसविरोधी लाटेत अहेरीचे राजे विश्वेश्वरराव येथून लोकसभेवर गेले.

१९८० पासून शांताराम पोटदुखे यांनी सलग चार निवडणुका जिंकल्या. त्यांपैकी १९८९ आणि १९९१ या दोन निवडणुकांत त्यांच्याविरुद्ध भारतीय जनता पक्षाचे तरुण उमेदवार सुधीर मुनगंटीवार पराभूत झाले. १९९६ मध्ये त्याच पक्षाच्या हंसराज अहीर यांनी पोटदुखे यांचा पराभव केला आणि एका दीर्घ पर्वाचा शेवट झाला.

अहीर, पुगलिया आणि मतविभागणी

१९९८ आणि १९९९ या लागोपाठच्या निवडणुकांत काँग्रेसचे नरेश पुगलिया यांनी अहीर यांना हरविले. दोन पराभवांनंतर पक्ष उमेदवार बदलील, असा तर्क स्वाभाविक होता. परंतु २००४ मध्ये पक्षाने अहीर यांनाच उभे केले. देशात पक्षाची सत्ता जात असताना चंद्रपुरात मात्र ते विजयी झाले. २००९ मध्ये काँग्रेसनेही तोच मार्ग अनुसरला आणि पराभूत पुगलियांना पुन्हा उमेदवारी दिली. या वेळी अहीर यांना ३,०१,४६७, पुगलियांना २,६८,९७२ आणि स्वतंत्र भारत पक्षाचे वामनराव चटप यांना १,६९,११२ मते मिळाली. एकाच पद्धतीने घेतलेल्या दोन निर्णयांची फळे परस्परविरुद्ध निघाली.

पुढील दोन निवडणुकांचे आकडे अधिक बोलके आहेत. २०१४ मध्ये अहीर यांना ५,०८,०४९ मते मिळाली. काँग्रेसचे संजय देवतळे यांना २,७१,७८० आणि आम आदमी पक्षातर्फे लढलेल्या चटप यांना २,०४,४१३ मते पडली. अहीर केंद्रात राज्यमंत्री झाले. जुलै २०१६ पासून त्यांच्याकडे गृह खाते होते. २०१९ मध्ये त्यांना ५,१४,७४४ मते मिळाली, म्हणजे आधीच्या विजयापेक्षा ६,६९५ मते अधिक. आणि तरीही ते ४४,७६३ मतांनी पराभूत झाले. शिवसेनेतून काँग्रेसमध्ये आलेले वरोऱ्याचे आमदार सुरेश ऊर्फ बाळू धानोरकर यांनी ५,५९,५०७ मते घेतली. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवारास लाखाहून अधिक मते मिळूनही हा निकाल लागला. त्या वर्षी काँग्रेसला महाराष्ट्रात मिळालेली ही एकमेव जागा होती.

या आकड्यांचा अर्थ असा की, 'पराभव' या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे उमेदवाराचा जनाधार ओसरणे आणि दुसरी म्हणजे विरोधी मते एकवटणे. २०१९ मध्ये दुसरी गोष्ट घडली. २०१४ मध्ये दोन प्रमुख विरोधकांत विभागलेली मते मिळून पावणेपाच लाखांवर होती. २०१९ मध्ये विरोधाला एकच मोठा उमेदवार मिळाला. पराभूत नेत्याविषयी पुढील पाच वर्षे जो तर्क होतो त्यात हा भेद क्वचितच केला जातो. 'लोकांनी नाकारले' एवढेच म्हटले जाते.

रिक्त जागेचे वर्ष

३० मे २०२३ रोजी खासदार धानोरकर यांचे अकाली निधन झाले आणि चंद्रपूरची जागा रिक्त झाली. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १५१-अ नुसार रिक्त जागेची पोटनिवडणूक सहा महिन्यांच्या आत होणे अपेक्षित आहे. उर्वरित कालावधी एक वर्षापेक्षा कमी असल्यास किंवा निवडणूक घेणे अवघड असल्याचे आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास त्यास अपवाद करता येतो. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे जागा रिक्त झाली तेव्हा एक वर्ष आणि सुमारे अडीच आठवडे शिल्लक होते. तरीही पोटनिवडणूक झाली नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये रिक्त झालेल्या पुण्याच्या जागेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पोटनिवडणूक तातडीने घेण्याचा आदेश दिला. परंतु जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. चंद्रपूरची जागा ४ जून २०२४ च्या निकालापर्यंत रिकामीच राहिली.

या वर्षभरात जिल्ह्यात तर्कांना ऊत आला. अहीर पुन्हा उभे राहतील काय? २०२२ च्या अखेरीस त्यांची राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या अध्यक्षपदी नियुक्ती झाली होती. ही नियुक्ती पुनरागमनाची पायरी मानावी की सन्मानपूर्वक केलेला निरोप, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलले जात होते. काँग्रेसची उमेदवारी धानोरकर कुटुंबात राहील की अन्यत्र जाईल, हाही चर्चेचा विषय होता. सप्टेंबर २०२३ मध्ये चंद्रपुरात इतर मागासवर्गीय संघटनांचे अन्नत्याग आंदोलन झाले तेव्हा लोकसभेत हा प्रश्न मांडण्यास जिल्ह्याचा स्वतःचा खासदार नव्हता. कोळसा खाणींसाठीचे भूसंपादन, वीज केंद्राचे प्रदूषण, ताडोबाच्या परिसरात वाघांच्या हल्ल्यांत मरण पावणारे शेतकरी व गुराखी हे प्रश्न त्या वर्षातही होतेच. उद्या कोण उभे राहणार, यावर सारा जिल्हा बोलत होता. आज आपल्या वतीने कोणीच उभे नाही, यावर मात्र फारसे कोणी बोलत नव्हते. प्रस्तुत अभ्यासातील ही सर्वांत गंभीर बाब आहे.

मार्च २०२४ मध्ये तर्क संपला. भारतीय जनता पक्षाने अहीर यांच्याऐवजी राज्याचे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांना उमेदवारी दिली. आपण लोकसभेसाठी उत्सुक नसल्याचे मुनगंटीवार यांनी त्यापूर्वी जाहीरपणे सांगितले होते. ज्यांच्याविषयी तर्क होता त्यांना उमेदवारी मिळाली नाही आणि ज्यांना ती नको होती त्यांना ती मिळाली. एका अर्थाने मुनगंटीवार हेही १९८९ आणि १९९१ मधील पराभवानंतर तेहतीस वर्षांनी त्याच रिंगणात परतलेले उमेदवार होते. १९ एप्रिल २०२४ रोजी मतदान झाले. काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांना ७,१८,४१० आणि मुनगंटीवार यांना ४,५८,००४ मते मिळाली. १९६४ नंतर साठ वर्षांनी या मतदारसंघाने दिवंगत नेत्याच्या पत्नीला पुन्हा लोकसभेत पाठविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बल्लारपूरच्या मतदारांनी मुनगंटीवार यांना विधानसभेवर निवडून दिले. लोकसभेसाठीचा नकार हा व्यक्तीला दिलेला नकार नव्हता, हे यावरून दिसते.

अहीर उभे असते तर निकाल निराळा लागला असता काय? २०१९ मधील त्यांच्या मतांपेक्षा मुनगंटीवारांना ५६,७४० मते कमी पडली हे खरे. परंतु पराभवाचे अंतर २,६०,४०६ मतांचे होते. इतिहासाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि देऊही नये.

गडचिरोली-चिमूर आणि अहेरी

मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ पासून अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात हीच प्रवृत्ती आढळते. २००९ मध्ये मारोतराव कोवासे यांच्याकडून पराभूत झालेले अशोक नेते २०१४ मध्ये पुन्हा उभे राहून विजयी झाले. उलट २०१४ मध्ये पराभूत झालेल्या डॉ. नामदेव उसेंडी यांना काँग्रेसने २०१९ मध्ये पुन्हा संधी दिली; ते पुन्हा पराभूत झाले. २०२४ मध्ये उमेदवारी डॉ. नामदेव किरसान यांना मिळाली, तेव्हा उसेंडी यांनी पक्ष सोडून भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. किरसान यांनी नेते यांचा १,४१,६९६ मतांनी पराभव केला. विधानसभेच्या अहेरी मतदारसंघात धर्मरावबाबा आत्राम २००९ आणि २०१४ अशा दोन पराभवांनंतर २०१९ मध्ये परतले. २०२४ मध्ये त्यांच्याविरुद्ध त्यांची कन्याच उभी होती. तरी ते विजयी झाले.

लोकसभेपुरते पाहता, १९८९ नंतरची पराभवानंतरच्या पुनरुमेदवारीची आठ ठळक उदाहरणे या विवेचनात आली आहेत : मुनगंटीवार (१९९१ व २०२४), अहीर (१९९९ व २००४), पुगलिया (२००९), चटप (२०१४), नेते (२०१४) आणि उसेंडी (२०१९). त्यांपैकी अहीर (२००४) आणि नेते (२०१४) असे दोघेच यशस्वी झाले. पुनरागमनाच्या कथा लोकांच्या स्मरणात राहतात. त्यामुळे ते वारंवार घडते असा समज होतो. प्रत्यक्षात ते अपवादानेच घडते.

मतदाराचे स्थान

या मतदारसंघांतील मतदान ही सहज गोष्ट नाही. गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात २०१९ आणि २०२४ मध्ये मतदान दुपारी तीनपर्यंतच होते. दुर्गम केंद्रांवर कर्मचाऱ्यांना हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागले. अशा स्थितीतही २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूर येथे सुमारे ७२ टक्के मतदान झाले. जंगलवाटा तुडवून मत देण्यास येणाऱ्या या मतदाराला उमेदवार कोण असावा, हे मात्र कोणी विचारत नाही.

याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव आहे. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक होय. तेथे बांबू कधी तोडावा, पैसा कशावर खर्च करावा, हे ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरते. एखाद्याचे म्हणणे आज मान्य झाले नाही तरी त्याला पुढील सभेत ते पुन्हा मांडता येते. पराभवानंतर पुन्हा उभे राहण्याचा हा सर्वांत साधा आणि उघड मार्ग आहे. बांबूचा निर्णय झाडाखाली सर्वांसमक्ष होतो आणि लक्षावधी लोकांच्या प्रतिनिधीचा निर्णय दूरच्या बंद खोलीत होतो, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

निष्कर्ष

१) पराभूत नेत्याविषयीचा तर्क हा उमेदवारी ठरविण्याच्या अपारदर्शक पद्धतीचा परिणाम आहे. प्रक्रिया जितकी बंदिस्त, तितका तर्क दीर्घायुषी.

२) पराभव आणि जनाधार यांचे नाते सरळ नाही. २०१९ मध्ये अधिक मते मिळवूनही अहीर पराभूत झाले.

३) या दोन मतदारसंघांत पुनरुमेदवारीला यश अपवादानेच मिळाले आहे; उमेदवार बदलल्यानेही यशाची हमी मिळालेली नाही.

४) रिक्त जागेची पोटनिवडणूक वेळेत होणे हा मतदाराचा हक्क आहे. भावी उमेदवारीच्या चर्चेने त्या हक्काची जागा घेता कामा नये.

पराभूत नेत्याने पुन्हा उभे राहावे की नाही, हा त्याचा व त्याच्या पक्षाचा प्रश्न आहे. परंतु दोन निवडणुकांच्या मधल्या काळात तो कोठे उभा होता, हे पाहण्याचा अधिकार मतदाराचा आहे. भंडाऱ्यात हरलेले बाबासाहेब चंद्रपुरात आले तेव्हा त्यांच्यासमोर मतपेटी नव्हती, माणसे होती. या प्रदेशाच्या राजकीय इतिहासात त्या आगमनाइतके मोठे दुसरे पुनरागमन झालेले नाही.